दशावताराच्या ४० जुन्या कॅसेटी, बुरशी आलीय : कुठून सुरुवात करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. १९८३ ते १९९१ या काळात बाबांनी आसपासच्या जत्रांमधली दशावताराची नाटकं टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) भरून ठेवली. पायपेटीवाल्याच्या शेजारी यंत्र मांडीवर घेऊन ते पहाटेपर्यंत बसायचे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान तेवढं ठरतं, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे त्या त्या रात्री जे बोललं गेलं ते या कॅसेटींखेरीज कुठेच नाही. त्यातले कितीतरी नट आज हयात नाहीत.

गेल्या महिन्यात माळ्यावरचा पत्र्याचा डबा उतरवला. ४० कॅसेटी निघाल्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. अकरा कॅसेटींच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसतेय. बरी वाटणारी एक लावून पाहिली, तर आवाज गोधडीआडून आल्यासारखा, आणि तिसऱ्या मिनिटाला टेप रबरी चाकात गुंडाळून तुटली. तेव्हापासून हात लावलेला नाही.

घरात कोणी म्हणतं ओव्हनमध्ये गरम करा, कोणी म्हणतं फ्रीजमध्ये ठेवा. बाजारात लॅपटॉपला थेट जोडायचा छोटा प्लेअर मिळतो, तो घ्यावा का? बाबा ८१ वर्षांचे आहेत, त्यांच्यासमोर हे काम व्हावं अशी फार इच्छा आहे.

रीळवेडा

ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. बुरशीच्या अकरा कॅसेटी आजच वेगळ्या करा, प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि तोंडाला मास्क लावून. बुरशी आलेली कॅसेट वाजवली की ती भुकटी टेपवरचा आवाज उचलणाऱ्या हेडवर आणि रबरी चाकावर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीला लागते. त्यांना सध्या फक्त कोरडं करायचं : घट्ट झाकणाचा डबा, त्यात भरपूर सिलिका जेल, पिशव्यांची तोंडं उघडी, दोन-तीन आठवडे. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती टेपवर फासली जाते. वाळली की सुटी होते, मग ती घराबाहेर मऊ ब्रशने झटकता येते.

ओव्हन अजिबात नको. ते ऐकीव ज्ञान दुसऱ्याच आजाराचं आहे. १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही स्टुडिओ रिळांमध्ये, उदाहरणार्थ अँपेक्स ४५६ मध्ये, चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ हवेतली ओल शोषून चिकट होतो. अशी रिळं साधारण ५४ अंशांवर काही तास, तेही तापमान काटेकोर राखणाऱ्या उपकरणात ठेवून तात्पुरती वाजण्याजोगी करतात. घरच्या ओव्हनमध्ये कॅसेटचं प्लॅस्टिक वाकडं होईल आणि हाती काहीच राहणार नाही. फ्रीजही नको, बाहेर काढताच दव धरतं.

तुटलेल्या टेपचं सांगतो. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाझरतो आणि वरखालचे वेढे एकमेकांना चिकटवतो. टेप जोडायची खास पट्टी मिळते, कॅसेटच्या टेपइतकीच म्हणजे ३.८१ मिलिमीटर रुंद. दोन्ही टोकं तिरकी कापायची, भिडवायची, आणि पट्टी आतल्या बाजूला लावायची. बाहेरची बाजू हेडला घासते, ती मोकळी राहिली पाहिजे.

आणि तो दबका आवाज. टेपमागे पितळी पट्टीवर फेल्टचा बारीकसा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. तीसेक वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. कॅसेटची टेप दिसते ती उघडी कड समोर धरून बघा, तुकडा जागेवर आहे का? नसेल तर पाच स्क्रूची, म्हणजे उघडता येणारी, एखादी चांगली रिकामी कॅसेट घ्या आणि रीळ तिच्यात हलवा. पहिल्यांदा नको असलेल्या कॅसेटीवर सराव करा, आतले रोलर आणि निसरडे कागद कसे बसतात ते नीट दिसतं.

भरडधान्य

तो स्वस्तातला प्लेअर घेऊ नका. मी आईची भजनं त्यावरून उतरवली, आणि त्याचा वेग एकसारखा नसल्याने प्रत्येक लांब सूर थरथरतो. पुन्हा सगळं केलं. जुना, चांगल्या कंपनीचा डेक (घरच्या म्युझिक सिस्टिमचा कॅसेट प्लेअर) घ्या, बेल्ट नवे घालून. हेड आणि टेप ओढणारी लोखंडी दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दर कॅसेटीनंतर पुसा. डेकच्या ‘लाइन आउट’मधून ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणारी डबी) द्या, फोकसराइट स्कारलेटसारखा साधा चालेल. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार खुपसू नका.

भरताना २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ, आणि डब्ल्यूएव्ही फाइल, तिच्यात आवाज कापला जात नाही. स्टीरिओत तासाला साधारण १ जीबी लागतो. ४० कॅसेटी म्हणजे ६० तास, म्हणजे ६० जीबीच्या आसपास. एवढ्यासाठी एमपी३ करून आवाज कापण्यात अर्थ नाही. डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण बंद ठेवा, टू-इन-वनवर डॉल्बी नव्हतं.

काळी चार

मी पेटी वाजवतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, हेडचा कल. बाबांच्या टू-इन-वनचं हेड किंचित तिरकं असलं तर तुमच्या डेकवर वरचे सूर बोथट होतात. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खूण करून ठेवा, आवाज मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करा, झांजेवर कान ठेवा आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. झांज सर्वांत लखलखीत होईल तिथे थांबा. नंतर संगणकावर ट्रेबल वाढवून हे साधत नाही, कारण जे हेडने उचललंच नाही ते वाढवणार कुठून?

दुसरी, वेग. जत्रेत यंत्र सेलवर चालायचं ना? सेल उतरत गेले की मोटर मंदावते, आणि तीच टेप योग्य वेगाने वाजवली की सगळे भराभरा, चिरक्या आवाजात बोलतात. इथे तुमच्याकडे मोठा आधार आहे : पायपेटी. तिचे सूर रात्रभर तेच राहतात. सुरुवातीला ताजे सेल असताना पेटीचा षड्ज कुठे आहे ते मोजा, नंतर तो जितका वर सरकला तितका वेग कमी करा. अर्धा सूर म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर आणि लय एकदम बदलणारी वेगाची सोय आहे, तीच वापरा.

रीळवेडा

हे सगळं प्रतीवर करा हं. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी राहू द्या, खरखरीसकट. खरखर घालवायच्या नादात लोक प्रेक्षकांतला हशा, कोंबडा, लांबून येणारी घंटा पुसून टाकतात, आणि आवाज भांड्यात बोलल्यासारखा होतो. मला ते बघवत नाही. जत्रा त्या टेपमध्ये आहे, ती राहिली पाहिजे.

दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, एक घराबाहेर. कॅसेटी फेकू नका. शेवटपर्यंत सलग वाजवून गुंडाळा, उभ्या ठेवा, मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे छोटे कान तोडा म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही.

हा ठेवा पुढे संस्थेत द्यावासा वाटला तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीताचं अभिलेखागार आहे, १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालं, आता गुरुग्रामला आहे. मात्र नेटवर टाकण्याआधी त्या नाटकमंडळ्यांना, नटांच्या घरच्यांना विचारा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. फेल्ट खरंच गळून पडलं होतं, कॅसेटीच्या तळाशी मिळालं. रीळ हलवायला मला पाऊण तास लागला, दुसऱ्याला वीस मिनिटं. चार कॅसेटी उतरवून झाल्या.

काळी चार, तुमचा अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या बाजूला पेटी अर्ध्या सुराच्याही वर गेलेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, मध्यरात्रीनंतर सेल बसायचेच, दुसऱ्या दिवशी ते उन्हात ठेवायचे आणि पुन्हा वापरायचे. वेग खाली आणला आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण राक्षसाची आरोळी ऐकताच त्यांनी नटाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि त्या रात्री पाऊस आल्याने नाटक देवळाच्या मंडपात हलवलं होतं हेही. मी सगळं फाइलच्या नावासोबत वहीत लिहून घेतेय. रोज संध्याकाळी एक तास, त्यापुढे ते दमतात.

बुरशीच्या अकरांपैकी आठ कोरड्या झाल्यात. कुडाळ-सावंतवाडीकडे पाच स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटी कोणाकडे पडून असतील तर सांगा, मला निदान पंधरा लागतील.