फळांची मसालेदार धिरडी: थोडी भर

एका ताईंनी गर्भधारणेची तयारी करणाऱ्या सुनेसाठी मैदा, केळे आणि दालचिनी यांच्या पॅनकेकची कृती दिली आहे. मैद्याऐवजी आमच्या परभणीकडे धिरड्यांना घेतात तसे दोन वाट्या ज्वारीचे आणि एक वाटी हरभरा डाळीचे पीठ घ्यावे, कारण डाळीतून फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व मिळते आणि धिरडे उलथताना तुटतही नाही. पिकलेले केळे कुस्करून त्यात वेलदोडा, सुंठ, चिमूटभर जायफळ व भाजून कुटलेले जवस मिसळावे, गूळ नको. केळ्यामुळे धिरडे लवकर करपते, म्हणून बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तव्यावर मंद आचेवर, कडा सुटेपर्यंत झाकण ठेवून भाजावे. बीडचे सीताफळ मिळाले तरी त्याचा गर शिजवू नये, तो कडवट होतो; उतरवलेल्या धिरड्यावर पसरावा. सोबत पेरूच्या फोडी असाव्यात, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे पिठातले लोह अंगी लागते. (मुलालाही हेच वाढावे, आपल्याकडे सगळे पथ्य सुनेच्याच ताटात पडते.) मात्र धिरडी खाऊन दिवस राहतात असे कोणी समजू नये, आणि रोजच्या 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची (फोलेटच्या गोळीतल्या रूपाची) गरज त्यांवर भागत नाही, ती गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासूनच सुरू करावी.