मदत हवी आहे: आकाशपाळण्यात उभं राहून रील काढणाऱ्यांचं काय करायचं?

माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबाच्या यात्रेतली गोष्ट. आकाशपाळणा फिरत असताना पुढच्या डब्यातली पोरं उभी राहिली, सेल्फी स्टिक बाहेर काढून रील केली. मोबाइल निसटला असता तर खालच्या रांगेत कुणाचं तरी डोकं फुटलं असतं! वर त्या रीलमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीचा चेहरा स्पष्ट दिसतोय. पाळणेवाल्याला ओरडून सांगितलं, तर "गर्दी बघा की राव" म्हणून तिकिटं फाडत राहिला. रील टाकणाऱ्याला मेसेज केला. वाचला, उत्तर नाही. इन्स्टाग्रामवर रिपोर्टही केलंय. भांडण नकोय. 'बसूच नका' हा सल्लाही नको, लेकरं ऐकत नसतात. यात्रेत पाळणा जागच्या जागी थांबवायला नेमकं कोण लावू शकतं? आणि ती रील इन्स्टाग्रामवरून हटवायला पुढची तक्रार स्थानिक ठाण्यात करायची की सायबरकडे?