छोट्या दुकानात कार्ड पुढे करू नका, रोख द्या

पेठेतला भांडेवाला

आमचं भांड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. गेल्या आठवड्यात एका ताईंनी कुकर, कढई, डबे असं ५,२०० रुपयांचं सामान काढलं. घासाघीस करून दोनशे कमी करून घेतले, मी आनंदाने दिले, जुनं गिऱ्हाईक आहे. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी क्रेडिट कार्ड पुढे केलं.

नावाजलेल्या कंपनीच्या भांड्यांवर मला दहा टक्के सुटतात. सवलत वजा जाता त्या बिलात माझे ३२० रुपये उरत होते. क्रेडिट कार्डावर माझ्या मशीनचं कमिशन १.८ टक्के, म्हणजे ९० रुपये, आणि वर १८ टक्के जीएसटीचे १६ रुपये २० पैसे. थोडक्यात, माझ्या नफ्यातला तिसरा हिस्सा एका कागदाच्या चिठ्ठीबरोबर गेला. त्या ताईंना कार्डावर पॉइंट मिळाले असतील. ते पॉइंट बँक आपल्या खिशातून देत नाही, ते माझ्या गल्ल्यातून जातात.

मॉलमधल्या दुकानाला हा दर घासाघीस करून कमी करून घेता येतो, मला नाही. म्हणून कळकळीने सांगतो, ज्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला दिसतो तिथे शक्य असेल तर रोख द्या.

डेक्कन क्वीनवाली

दादा, हिशोब पटला, पण दोष गिऱ्हाइकाचा का? महिन्याच्या वीस तारखेनंतर माझ्यासारखीच्या हातात पाच हजार रोख नसतात. कार्ड आहे म्हणून मी तुमच्या दुकानात कुकर घेते, नाहीतर घरबसल्या हप्त्यावर मागवला असता आणि तुमचे ३२० काय, एक रुपयाही राहिला नसता. एटीएमला जावं तर मोफत मर्यादा संपल्यावर दर वेळी २३ रुपये कापले जातात. घासाघीस सुरू व्हायच्या आधीच सांगा ना, की दोनशेची सवलत रोखीवर आहे. कोणीही समजून घेईल. बिल झाल्यावर तोंड वाकडं केलेलं मात्र लागतं.

आकडेमोड

मी छोट्या दुकानांची खाती लिहितो. इथे रोख नाहीतर कार्ड एवढंच बोललं जातंय, यूपीआय राहूनच गेलं. आणि सगळी कार्डंही एकाच पोत्यात भरली जाताहेत.

१ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९०. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, खरी गळती तिथे आहे. भांडेवाले दादा नेहमीच्या जीएसटीत असतील तर ते १६ रुपये २० पैसे त्यांना कर भरताना वळते करून मिळतात. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत असतील, तर मिळत नाहीत.

त्यामुळे गिऱ्हाइकाला रोख मागण्याऐवजी ‘कार्ड नको, स्कॅन करा’ एवढं म्हटलं तरी काम होतं. फक्त एक बघा. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि त्यावरून दोन हजारांपुढची रक्कम आली की कमिशन लागतं. दुकानदाराला वाटतं स्कॅन केलं म्हणजे फुकट.

रोखही फुकट नसते. चालू खात्यात ठरावीक रकमेपुढे रोख भरली की बँक शुल्क लावते, आणि नोटा मोजायला रोजचा अर्धा तास जातो तो वेगळाच.

सातारा रोडकर

आकडेमोड, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण टक्केवारीत भीती बसत नाही. माझ्या ओळखीच्या एका चहावाल्याचं खातं एके दिवशी गोठवलं गेलं. का, तर कुठल्यातरी राज्यातल्या फसवणुकीतले पैसे हाताहाताने फिरत कोणाच्या तरी खात्यात आले आणि त्याने इथे चहा पिऊन वीस रुपये स्कॅन केले. वीस रुपयांसाठी सगळी शिल्लक अडकली. दुधवाल्याला काय द्यायचं? तीन आठवडे तो बँकेच्या पायऱ्या झिजवत होता.

जुलै २०२५मध्ये बंगळूरूत काय झालं तेही आठवा. यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यात भाजी आणि दूध विकणारेही होते, ज्यांच्या मालावर करच नाही! लोकांनी क्यूआरचे कागद फाडून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. आपल्याकडे दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. रोख म्हणजे आपल्या हातातला पैसा.

आकडेमोड

खातं गोठवण्याचं मान्य, तो अन्यायच आहे. नोटिशीचं अर्धंच मान्य. मालाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली की नोंदणी करावी लागते, हा नियम रोखीलाही आहे. कर चुकवायला मदत म्हणून कोणी रोख देत असेल, तर शेजारच्या प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या दुकानदाराचं काय?

मंडईची लेक

माझी आई तीस वर्षं भाजी विकतेय. पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात माल उचलताना नोटा मोजून द्याव्या लागत, त्यामुळे रोखीची गरज मला कोणी सांगायला नको. पण रोखीची दुसरी बाजूही मी पाहिलीये. आईच्या कमरेच्या पिशवीतले पैसे घरी पोचेपर्यंत कोणकोण मागून घ्यायचं! भाऊ, काका, शेजारी. रात्री पिग्मीवाला यायचा तेव्हा द्यायला पन्नास रुपये उरायचे.

२०२०मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली. आईने दहा हजारांचं कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं, मग वीस हजारांचं मिळालं. त्या आधी तिला दारात उभं कोण करत होतं? सावकार. स्कॅनचे पैसे तिच्या खात्यात दिसतात, म्हणून आज ती बँकेत खुर्चीवर बसून बोलते. ‘रोख देऊन आधार द्या’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

नाशिकची सून

ताई, तुमच्या आईचं खातं तिच्या नावावर आहे, हे भाग्य. आमच्या कोपऱ्यावरच्या मेथी-कोथिंबीरवाल्या मावशींच्या हातगाडीवर क्यूआर आहे मुलाच्या नावाचा. स्पीकर ओरडतो ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’, आणि मावशी मान डोलावतात. त्यांच्याकडे फोन साधा, बटणांचा. एकदा दुपारी त्यांनी माझ्याकडे वडापावसाठी वीस रुपये मागितले. सकाळपासून सातशेचा धंदा झाला होता आणि पदराला एक नोट नव्हती. तेव्हापासून मी त्यांना रोखच देते. भांड्यांच्या दुकानात काय वाटेल ते करा, पण हातगाडीपुढे उभं राहिल्यावर क्यूआरवरचं नाव वाचा.

मंडईची लेक

हे अगदी खरं आहे. आमच्याच ओळीत अशा चार जणी आहेत. त्यांना स्वतःचं खातं काढून द्यायला हवं, मी बोलते त्यांच्याशी.

पेठेतला भांडेवाला

डेक्कन क्वीनवाल्या ताई, तुमचं मानलं. कालच गल्ल्यावर पाटी लावली: ‘सवलत रोख किंवा यूपीआयवर. क्रेडिट कार्डावर छापील दर.’ आकडेमोड, मी कंपोझिशनमध्येच आहे, ते १६ रुपये परत येत नाहीत.

नाशिकच्या ताईंचं वाचून आज आमच्या दारासमोरच्या लिंबूवाल्या आजींना विचारलं, तुम्हाला काय बरं पडतं? म्हणाल्या, ‘दहा-वीसच्या नोटा दे बाबा, सोनं समजेन. पण दहाच्या लिंबांना पाचशेची नोट काढणार असशील तर स्कॅनच कर.’

सातारा रोडकर

क्यूआर कोणाच्या नावाचा होता?

पेठेतला भांडेवाला

नातवाच्या. पण तो रोज रात्री मोजून आणून देतो म्हणाल्या.