मदत हवी आहे : चुन्याच्या भिंतीवर शकुंतला टिकवायची कशी?

राम राम मंडळी. आम्ही दारव्ह्याचे (जि. यवतमाळ) दहा-बारा जण मिळून कापसातली सरकी काढायच्या एका जुन्या जिनच्या भिंतीवर शकुंतला रेल्वे रंगवतो आहोत. मूर्तिजापूर ते यवतमाळ, सुमारे ११३ किलोमीटरची ही नॅरोगेज लाइन इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली गेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे. म्हाताऱ्यांच्या तोंडून गठाणी, सरकी, कोळशाचा धूर ऐकून पोरांनी चित्रं काढली, तीच मोठी करून भिंतीवर घेतोय.

अडचण भिंतीची आहे. विटकाम चुन्याचं, तोंड पश्चिमेला. पावसाळ्यात खालून हातभर ओल चढते, लोणा म्हणजे पांढरा क्षार फुटतो. मागच्या वर्षी नमुन्याचा एक कोपरा बाहेरच्या भिंतींच्या साध्या प्लास्टिक रंगानं रंगवला होता, पोळ्यापर्यंत त्याचे पापुद्रे सुटले. ते चित्र काढणारी पोरगी रडवेली झाली बिचारी. पेंटर म्हणतो सिमेंटचा गिलावा मारा. मला ते पटत नाही, ओल आत कोंडून विटा भुरभुरतील.

चुन्याचाच गिलावा करून त्यावर रंगवलं तर उन्हाळ्यातलं ४५ अंशांचं ऊन सोसेल का? कोणते रंग घ्यावेत? आपल्या भागात चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून कुठे आहेत?

आणि कुणाच्या घरी शकुंतलेचा १९९४ आधीचा फोटो असेल तर कृपया दाखवा. डब्यांच्या रंगावरून आमच्याकडच्या दोन आजोबांचं अजून एकमत होत नाही.