फाशी सुनावली तरी केस हायकोर्टात का जाते?

भटका_नाशिककर: प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये सेशन्स कोर्टाने (जिल्हा पातळीवरच्या, खटला चालवणाऱ्या कोर्टाने) २०१४ ला तिघांना फाशी दिली, हायकोर्टाने २०२१ मध्ये तिची जन्मठेप केली. समजा आरोपीने अपीलच केलं नाही, तर थेट फाशी होते का? यावरून घरी बाबांशी वाजलं, ते म्हणतात खालच्या जजने साक्षीदार डोळ्यांनी बघितलेत, वरच्यांनी नुसते कागद चाळून शिक्षा का बदलायची?

काळा_कोट: अपील करो न करो, जातेच. आधी सीआरपीसी (फौजदारी खटले कसे चालवायचे तो जुना कायदा) कलम ३६६ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ४०७. हायकोर्टाने कन्फर्म करेपर्यंत ती फाशी नुसती कागदावर. आणि हे शिक्का मारणं नाही हो, किमान दोन जज बसतात, सगळा पुरावा पहिल्यापासून वाचतात, वाटलं तर जादा पुरावा घेतात, शिक्षा कमी करू शकतात, खटला परत चालवा म्हणू शकतात, निर्दोषही सोडू शकतात. दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्या जजकडे जातं.

बाबांना तुमच्याच नाशिकची केस सांगा. २००३ चा दरोडा, पाच खून. सेशन्सने २००६ ला सहा जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांचीच ठेवली, बाकी तिघांना जन्मठेप. २००९ ला सुप्रीम कोर्टाने उलट सहाही जणांना फाशी दिली! आणि २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर सरकारला प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. कारण काय तर दरोड्यातून जीव वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून आरोपी सोडून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि ते कोर्टापासून दडवलं गेलं. म्हणजे पोलिसांच्या फायलीतच होतं सगळं, बाहेर यायला १६ वर्षं लागली.

साधी_सुनंदा: ते ठीक, पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी किती वर्षं तारखा मोजायच्या? पुण्याची बीपीओवाली केस बघा, कॉल सेंटरसारख्या कंपनीतल्या मुलीवर बलात्कार आणि खून, २००७ चा गुन्हा, २०१५ ला सुप्रीम कोर्टानेसुद्धा फाशी कायम केली आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने उशीर झाला म्हणून ३५ वर्षांची कैद केली. उशीर तुम्हीच करायचा आणि फायदा त्यांना??

काळा_कोट: ताई, राग बरोबर आहे, फक्त तो उशीर अपिलातला नव्हता. अपिलं २०१५ लाच संपली होती, दयेचे अर्ज आणि फाशीची तारीख ठरवणारं वॉरंट यात पुढची वर्षं गेली. सुप्रीम कोर्टानेही २०२४ ला तेच धरलं.

भटका_नाशिककर: धन्यवाद सर. बाबांना नाशिकची केस वाचून दाखवली, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अरे पण मग ते अल्बममधले चौघे कुठेत?’