आधी सेवुसेवू, मग चॉकलेटं

फिजीच्या छोट्या बेटांवर जाताना तिथल्या मुलांसाठी चॉकलेटं न्यावीत, असं सांगतात. ते बरोबर, पण गावात शिरल्यावर पहिला मान मुखियाचा. त्याला यांगोनाच्या, म्हणजे ज्यापासून ‘कावा’ हे पेय करतात त्या झाडाच्या, वाळलेल्या मुळांची जुडी द्यायची. साधारण अर्धा किलो पुरते. पूड नको, अख्खी मुळंच घ्या, आणि तीही मोठ्या गावच्या बाजारातून निघतानाच. मुळांची ही भेट देण्याला सेवुसेवू म्हणतात. जुडी हातात न देता चटईवर मुखियापुढे ठेवायची. बहुतेक पाहुणे चुकतात ते त्याआधीच: टोपी, गॉगल गावाच्या वेशीवरच काढा, पाठीवरची सॅक हातात घ्या, गुडघे सुलूने, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाने, झाका. नारळाच्या करवंटीतून कावा आला की एकदा टाळी, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. जीभ थोडी बधिर होते, घाबरू नका.