एरंडोल–जळगाव एसटी: अंध प्रवाशाने गाडी ओळखायला, दार शोधायला, उतरायचं ठिकाण कळायला नेमकं काय वापरावं?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. पूर्ण अंध आहे, पांढरी काठी आणि टॉकबॅक (फोनचा पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय) दोन्हींचा चांगला सराव आहे. आता एरंडोलहून जळगावला रोज एसटीने ये-जा करायची आहे. तीन अडचणी आहेत. फलाटावर लागलेली गाडी कोणती, तिचं दार कुठे, आणि परतताना धुळ्याकडे जाणाऱ्या गाडीत एरंडोल आलं हे कसं कळावं? फोन साधा अँड्रॉइड आहे. स्मार्टकेन, म्हणजे अडथळा ओळखणारी इलेक्ट्रॉनिक काठी, घ्यावी का, तेही सांगा.

फलाट_क्रमांक_चार:
ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण फोनचा खरा उपयोग तिथेच आहे.

ठिकाण जवळ आलं की वाजणारं लोकेशन अलार्मचं कोणतंही ॲप चालेल, मात्र ते चालू असताना वर कायम नोटिफिकेशन दाखवणारं हवं. पडद्यामागे गेलेल्या साध्या ॲपला अँड्रॉइड ८ पासून पुढे तासातून मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. ताशी ६० च्या वेगाने गाडी दहा मिनिटांत १० किलोमीटर जाते, म्हणजे अलार्म वाजेपर्यंत एरंडोल मागे पडलेलं असेल. सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकेशनची परवानगी ‘सर्व वेळ’ द्या आणि बॅटरीचं बंधन काढून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. अलार्म वाजलाच नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा ही बॅटरीची सेटिंगच आडवी आलेली असते.

अलार्मची त्रिज्या, म्हणजे ठिकाणापासून किती अंतरावर तो वाजावा ते, ३ किलोमीटर ठेवा. हायवेवर साधारण तीन मिनिटं हातात मिळतात, तेवढ्यात पिशवी आवरून कंडक्टरला हाक मारता येते. ५०० मीटर ठेवलीत तर अर्धं मिनिटच उरतं. आणि एक खूण स्टँडवर, दुसरी हायवेच्या फाट्यावर अशा दोन खुणा करून ठेवा, कारण गाडी गावात शिरेलच असं नाही. तिकीट काढतानाच ‘स्टँडवर जाते का?’ हे विचारून घ्या. जीपीएसला नेट लागत नाही, पण पत्र्याच्या टपाखाली सिग्नल मंदावतो, म्हणून खिडकीची जागा धरा.

फोनच्या जोडीला रस्त्याची खूणही लक्षात ठेवा. जळगाव सोडल्यावर बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पुलाच्या सांध्यांवरून चाकं ठराविक अंतराने ठक-ठक वाजतात आणि खिडकीतून येणारा आवाज एकदम मोकळा होतो. त्यानंतर पाळधी, मग एरंडोल. पूल गेला की अलार्म चालू आहे ना, ते एकदा तपासा.

काठी_आधी:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे. मी गाडी आणि दाराबद्दल लिहिते.

गूगल लेन्स देवनागरी वाचतं, पण गाडी थांबलेली हवी आणि तुम्ही तीन-चार मीटरवर हवं. स्टँडवर गाड्या नाक फलाटाकडे करून लागतात, पाटी काचेच्या वरच्या बाजूला असते, म्हणून फोन छातीशी धरून थोडा वर तिरपा करा. एलईडी पाटी लुकलुकते, फोटोत अक्षरं अर्धवट येतात, लगेच दुसरा काढा. दुपारच्या उन्हात काच चमकते, तेव्हा काहीच वाचलं जात नाही. म्हणून लेन्स फक्त खात्रीसाठी, पहिलं काम तोंडाने: ‘भाऊ, ही धुळे का?’ असं नाव घेऊन विचारा. ‘कोणती गाडी?’ असं मोघम विचारलं की गर्दीत कोणी उत्तर देत नाही.

दार फोनला सापडत नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस पाचेक मीटर चुकतो, आणि तेवढ्यात शेजारची गाडी येते. गाडीच्या नाकासमोर उभं राहिलं की दाराची बाजू तुमच्या उजव्या हाताला. उजवीकडे सरकून कोपरा ओलांडा, गाडी डाव्या हाताला घ्या, डाव्या हाताची पाठ पत्र्याला लावून पुढे चला. काठी उजव्या हातात, उभी आणि अंगाजवळ. आडवी फिरवली तर टोक चाकाखाली जातं. दार पुढे की मागे हे गाडीप्रमाणे बदलतं, म्हणून पायरी लागेपर्यंत हात सोडू नका. शेजारची गाडी रिव्हर्स घेत असेल तर पाऊल टाकूच नका. ई-बस उभी असताना आवाज देत नाही, तिथे कानावर विसंबू नका.

गिरणाकाठ:
उजव्या हाताची बाजू ही गोष्ट फार कामाची. स्मार्टकेनचं राहिलं.

काठी_आधी:
आयआयटी दिल्लीने तयार केलेली ती काठी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे अल्ट्रासॉनिक लहरींनी ओळखून मुठीत कंप देते. लांबचा पल्ला ३ मीटर, जवळचा १.८. लोंबती फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग, यांसाठी उत्तम. गटार, खड्डा, उतरती पायरी तिला कळत नाही, ते काम खालच्या टोकाचंच. स्टँडच्या गर्दीत लांबच्या पल्ल्यावर ती सतत थरथरते, तिथे जवळचाच ठेवा. हायवेकडेने बरंच चालायचं असेल तर घ्या, फक्त गाडी पकडण्यासाठी नको.

तापीखोरे:
आयआयटी दिल्लीचंच ‘ऑनबोर्ड’ही आहे. हातातल्या यंत्राचं बटण दाबलं की गाडीचा नंबर ऐकू येतो, मग दाराजवळचा स्पीकर बोलतो आणि त्या आवाजाच्या दिशेने जाता येतं. मात्र गाडीतही यंत्र बसवलेलं लागतं, म्हणून एकट्याने विकत घेऊन उपयोग नाही. ते गाड्यांत बसवावं, आणि तोवर निदान गाडी लागताच मार्ग व फलाट माइकवर सांगावा, असा लेखी अर्ज एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ वाहतुकीच्या सुगम्यतेबद्दल आहे, त्याचा उल्लेख करा आणि अर्जाची पोच घ्या.

उन्हाळ्याचं एक सांगतो. बऱ्याच फोनांची मर्यादा ३५ अंश हवेची असते, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. तापलेला फोन कॅमेरा बंद करतो, कधी स्वतःच बंद पडतो. शर्टाच्या खिशात किंवा खिडकीच्या कठड्यावर नको, पिशवीत आत ठेवा आणि टॉकबॅकमधून स्क्रीन लपवा, म्हणजे पडदा काळा राहतो. इअरफोन एकाच कानात.